धाकटीला थंडी सोसत नाही

आमच्या घरी स्वेटर दसऱ्याआधीच पेटीतून बाहेर निघायचे आणि होळी पेटली तरी परत आत जायचे नाहीत. गावात यावरून आमची भरपूर चेष्टा व्हायची. "तुमच्या घरी हिमालय आला काय वं?" असं शेजारीण विचारायची, आणि आई तिला जे उत्तर द्यायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण माझी धाकटी बहीण. तिला सिकलसेलचा आजार होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग हाडं अशी ठणकतात की माणूस अंथरुणात तळमळतो. आमच्या जिल्ह्यात हे काही नवं नाही. कुठल्याही गावात विचारा, असं एखादं घर निघतंच. पाणी कमी प्यायलं, दगदग झाली, थंडी बाधली की दुखणं उठायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आईला सांगितलं होतं, "थंडीपासून जपा हिला." आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे ऐकलेलं ती विसरत नसे. ते वाक्य तिनं असं धरलं की पुढे सगळं घर त्याच्याच तालावर चाललं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सौंदडपासून जवळ. गावाच्या तलावाची पाळ आमच्याच पूर्वजांनी बांधली असं काका छाती फुगवून सांगतात. त्या तलावात गावातलं शेंबडं पोरही डुंबायचं, पण धाकटीनं कधी घोट्याच्या वर पाय बुडवला नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा तिच्या आंघोळीला पाणी चुलीवर तापायचं. याचं तिला फार दुःख नव्हतं. तिचं खरं दुःख होतं नाटक.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. उघड्यावर मंडप, धानाच्या तणसावर बसलेली अख्खी पंचक्रोशी, आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. ही सगळी नाटकं ऐन थंडीत. म्हणजे धाकटीला बंदी. आई दाराला आतून कडी लावून उंबऱ्याशी झोपायची. धाकटी गोधडीत पडून लाऊडस्पीकरवरून येणारं नाटक ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन खात सगळ्यांचे संवाद बोलून दाखवायची. खलनायकाचं हसणं, नायिकेचं रडणं, मध्येच माइक बिघडल्यावरची खरखरही. नाटक पाहून आलेल्या बायका तिच्याकडे पुन्हा नाटक ऐकायला यायच्या. तिनं स्वतः मात्र रंगमंचावरचा पडदा वर जाताना एकदाही पाहिला नाही.

"बाई, एक डाव नेऊन दे नं मले," ती मला म्हणायची. मी मोठी, म्हणून मी 'बाई'. "दोन स्वेटर घालतो, वरून दुलई पांघरतो. तुही शपथ."

"आईले विचार," मी म्हणायची. आईला विचारण्यात काही अर्थ नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढे मी शिकून गोंदियाला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, लग्न करून तिथेच राहिले. धाकटी गावी आईजवळ. तिच्या लग्नाचा विषय निघायचा आणि आपोआप मिटायचा. बाबा लवकर गेले होते. आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, आणि ती गोष्ट ती मला येता-जाता ऐकवायची. "मी मेली त हिच्याकडे कोन पाहीन?"

"मी आहे ना," मी म्हणायची.

"तू मास्तरीन. तू शाळेतल्या पोराईकडे पाहजो," आई म्हणायची.

एका वर्षी नागपूरच्या दवाखान्यात संशोधन करणारे एक तरुण डॉक्टर धाकटीला भेटले. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं की तिच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी घेऊन त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आहेत, त्यांच्यात असा बदल करायचा की त्या मरायच्या नाहीत, एकीच्या दोन होत राहतील, आणि मग या आजारावरचे उपाय त्यांच्यावर वर्षानुवर्षं तपासता येतील. तिनं लगेच हो म्हटलं. तिला कुणी फसवलं असं कुणी म्हटलं तर मी मध्ये पडेन. ती पुरती शहाणी होती आणि वयानं सज्ञान होती.

"माहं रक्त कामाचं हाये म्हनते डाक्टर," ती मला फोनवर सांगत होती. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी ऐकत होते. "आजवर त निस्ता ताप होता सगळ्याईले."

दवाखान्यात आई बाहेर बाकावर बसली होती, डॉक्टरांचं बोलणं तिनं ऐकलं नाही. रक्त काढताना तिनं पाहिलं, पण रक्त तर दरवेळी काढायचे. त्यात नवल काय?

त्यानंतर काही वर्षांनी, पावसाळा सरता सरता, धाकटीच्या छातीत दुखणं उठलं आणि ती गेली. नागपूरला नेईपर्यंत बोलत होती. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, मला जमत नाही.

तेरवीनंतर पाहुणे पांगले तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "एका परीनं बरंच झालं, बाई. आता मी कवाही डोळे मिटाले मोकळी."

मला तिचा असा संताप आला की मी त्याच दुपारच्या गाडीनं गोंदियाला परतले. आपली पोर गेली आणि ही मोकळी झाली! पण घरी आल्यावर, कुकरची शिटी मोजता मोजता, माझ्या डोक्यात उजेड पडला. आजारी लेकराच्या आईला जगात एकच भीती असते, आपल्यामागे त्याचं काय होईल ही. देवानं आईचं सगळं काढून घेतलं आणि बदल्यात ती भीती तेवढी काढून घेतली. त्या एका गोष्टीवर ती उभी होती. मीही मग तिला तिथं उभं राहू दिलं.

आमच्याकडे वारलेल्या माणसाला अक्षयतृतीयेला पितरांत मिळवतात. घरातला वडीलधारा नव्या घागरीत पाणी भरतो, जुन्या पितरांची नावं घेतो आणि शेवटी नव्याचं नाव घेऊन म्हणतो की याला तुमच्यात घ्या. तोवर तो जीव उंबऱ्यावर ताटकळत असतो असं मानतात. काकांनी घागर आणली होती. आंब्याचं पन्हं, कुरडया, सगळी तयारी झाली होती. सणाच्या आदल्या दिवशी ते डॉक्टर आले.

बिचारे मुद्दाम आभार मानायला आले होते. कोहमाऱ्याला हायवे सोडायचा तो सोडला नाही, पुढे निघून गेले, एका ढाब्यावर पत्ता विचारत परत आले. घामानं भिजलेले. आईनं त्यांना गूळपाणी दिलं. तिला कुणीही दवाखान्यातला माणूस आला की आदर वाटायचा. धाकटी गेल्याचं त्यांना कळलं होतं. दुःख व्यक्त करून झालं आणि मग ते म्हणाले, "आजी, तुम्हाला एक चांगली गोष्ट सांगायची आहे. तुमच्या मुलीच्या पेशी आमच्याकडे अजून जिवंत आहेत."

माणसानं चांगलं सांगायला जावं आणि तोंडातून काय निघावं! मी आतून चहाचा ट्रे घेऊन येत होते, तिथेच थबकले.

आईला आधी समजलंच नाही. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. सूक्ष्मदर्शकाखालचे पारदर्शक दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे ते हाये?"

"हो, तिच्या पेशी."

"पन हे त गोल हायेत. तिच्या वाकड्या होत्या म्हनत होते."

"वाकड्या होतात त्या तांबड्या पेशी, आजी. या पांढऱ्या. या गोलच असतात."

"अन हे मरत नाई?"

"नाही. या वाढत राहतात."

"काय खातेत?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कशात वाढवतात ते मला ठाऊक आहे, त्यात वासराच्या रक्तातलं पाणी असतं. "साखरेच्या पाण्यासारखं असतं," ते म्हणाले. मी त्यांचे मनातल्या मनात आभार मानले. धाकटीला खीर आवडायची, आईचं समाधान झालं असावं, कारण तिनं मान हलवली.

"अन ठेवता कुठं?"

इथे त्यांना उत्साह आला. काम नसतं तेव्हा त्या गोठवून ठेवतो, म्हणाले. बर्फापेक्षाही कितीतरी पट थंड अशा टाकीत. इतकी थंडी की तिथं काळच थांबतो, शंभर वर्षांनीसुद्धा बाहेर काढल्या तर पुन्हा वाढायला लागतील.

आई उठून उभी राहिली. तिच्या हातातला फोन तिनं खाटेवर टाकला.

"तुमीच सांगतलं होतं नं मले, थंडीपासून जपा म्हनून? तुमच्याच दवाखान्यातून सांगतलं होतं! मी पोरीले तलावात पाय नाई बुडवू देल्ला. अन तुमी तिले बर्फात टाकून ठेवून राहिले?"

डॉक्टर गडबडले. त्यांनी समजावलं की पेशींना थंडी बाधत नाही, त्यांना मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, त्यामुळे दुखणं नाही.

"तुमाले काय मालूम? ते बोलत नव्हती तवाही तिचं कुठं दुखते ते मलेच समजे. तुमच्या मशीनले नाई समजे."

मी ट्रे ठेवून मध्ये पडले. आईला खांद्याला धरून खाली बसवलं. मग जे झालं ते मला रागापेक्षा जास्त लागलं. आईचा आवाज एकदम खाली आला आणि ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढी थंडी सोसते तिले, त मी तिले नाटकाले कायले नाई जाऊ देल्लं, बाई?"

काय सांगणार होते मी तिला? माणूस निराळा आणि पेशी निराळी, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. एकाही विद्यार्थ्यानं मला असा प्रश्न विचारलेला नाही. मी तिचा हात धरून बसले. डॉक्टर खाली मान घालून चहा ढवळत राहिले. चांगले होते ते. शेवटी म्हणाले, "आजी, तुमची इच्छा असेल तर आम्ही आमच्याकडच्या पेशी बंद करू. मी तसं वरिष्ठांशी बोलेन. पण काही पेशी दुसऱ्या शहरांतल्या प्रयोगशाळांना दिल्यात, त्या मात्र परत नाही बोलावता येणार."

"बंद करू मंजे? मारून टाकू?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी माय हावो तिची," आई म्हणाली. "माह्या तोंडानं हो म्हनू?" थोडं थांबून तिनं अगदी सरळ आवाजात विचारलं, "मी मेल्यावर बी ते राहीन काय?"

"राहील, आजी," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं आता कुठं गाडी रुळावर आली. "तुमच्या-माझ्या, आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील."

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. आईचा चेहरा मी पाहत होते. जी भीती धाकटीच्या चितेवर जळून गेली होती ती तिच्या चेहऱ्यावर परत येऊन बसली, आणि पूर्वीपेक्षा मोठी होऊन. पूर्वी निदान मी होते पाहायला.

दुसऱ्या दिवशी काका घागर भरायला बसले तेव्हा आईनं त्यांना नुसत्या जुन्या पितरांची नावं घ्यायला लावली. धाकटीचं नाव घेऊ दिलं नाही. काका तडकले. "अर्धी पितरात अन अर्धी फ्रीजमंदी, असं कुठं असते काय, वहिनी?"

"जित्या मानसाले पितरात टाकते काय कोनी?" आई म्हणाली. काकांनी पुढे वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायलं नाही.

मी आईशी भांडले, समजावलं, पुन्हा भांडले. आपले केस गळतात, नखं कापतो, त्यात आपण असतो का? असं विचारलं.

"कापल्यावर नखं वाढते काय?" आई म्हणाली.

तरी मी हार मानली नाही. मी म्हटलं, अगं, त्या पेशींना तू माहीत नाहीस, मी माहीत नाही, त्यांनी नाटक ऐकलेलं नाही. ती धाकटी कशी? आई म्हणाली की जन्मली तेव्हा धाकटीलाही नाटक माहीत नव्हतं, मग ती कोण होती? यावर कुणाकडे उत्तर असेल तर मला कळवावं. चिडून मी म्हणायची की तुला काही समजत नाही, आणि गोंदियाच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून बाहेर पाहत रडायची. मला धाकटी हवी होती, पूर्ण, तिच्या नकलांसकट. जे उरलं होतं ते माझ्या काही कामाचं नव्हतं, आणि मेलेलंही नव्हतं की त्याच्यासाठी मोकळेपणानं रडावं. आईचं दुःख मला वेडेपणा वाटायचं आणि तिचा हेवाही वाटायचा.

मग एक रिवाजच पडला. दिवाळी होऊन गारठा सुरू झाला की आई मला डॉक्टरांना फोन लावायला सांगायची. "बरी हाये काय, इचार." मी लाजत विचारायची. डॉक्टर कधी त्रासले नाहीत. "ठीक आहेत, आजींना सांगा," म्हणायचे. एकदा म्हणाले की त्या पेशींवर एका औषधाची तपासणी चालू आहे आणि आशा वाटते आहे. मी आईला ते सांगितलं. आई म्हणाली, "काम करून राहिली मंजे," आणि त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं. स्वतः मात्र ती आता थंडीत शाल घेत नसे. मी अंगावर टाकली की काढून ठेवायची. पोर बर्फात असताना तिला ती टोचत असावी.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. थंडीनं नाही, तिचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं. गोंदियाच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. सकाळची वेळ होती, नर्स सलाइन बदलून गेली होती. आई मला म्हणाली, "मी चालली. ते मांगं राहून राहिली."

"मी पाहीन तिच्याकडे," मी म्हटलं.

या वेळी ती मला मास्तरीन म्हणाली नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेच मला आजवर सोसत नाही. काय पाहणार होते मी? कुणाला आंघोळीचं पाणी तापवून देणार होते? जन्मभर माझं जे वचन तिला खोटं वाटत होतं ते शेवटी तिनं खरं मानलं, आणि नेमकं तेव्हाच ते खोटं होतं.

यंदाची दिवाळी झाली. गारठा सुरू झाला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी फोन लावला. डॉक्टर आता तिथं नव्हते, परदेशात गेले होते. त्यांच्या विभागात एका मुलीनं फोन उचलला. तिच्या आवाजावरून ती नुकतीच लागलेली वाटली. धाकटीच्या पेशींना तिथं चार अक्षरं आणि एक आकडा अशी खूण आहे. डॉक्टरांनी ती मला एकदा सांगितली होती, पण माझ्या तोंडून ती आजवर निघाली नव्हती. ती मी उच्चारली.

"हो मॅडम, आहे आमच्याकडे," ती लगेच म्हणाली. "छान वाढते. पाठवायची आहे का? आपण कुठल्या लॅबमधून बोलताय?"

"लॅबमधून नाही," मी म्हटलं. "घरून बोलतेय. मी तिची मोठी बहीण."

"कुणाची?" तिनं विचारलं.

मी धाकटीचं नाव सांगितलं. संपूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. कॉम्प्युटरवर बोटं चालल्याचा आवाज आला. मुलगी मनापासून शोधत होती, हे मला कळत होतं. मग ती अतिशय अदबीनं म्हणाली, "सॉरी मॅडम, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही."